बँडवाल्यांची तब्येत

मला लिहायला लावू नका असं मी तीनदा सांगितलं. चौथी शिकलेला माणूस मी, त्यातलंही अर्धं वर्ष गुरांमागं गेलं. पण वाचनालयातल्या मॅडम ऐकत नायत. त्यांच्या वार्षिक अंकाचा विषय ‘कलावंतांचे आरोग्य’. म्हणाल्या, "नाना, तुम्ही एवढी वर्षं बँडमध्ये ट्रंपेट वाजवलात. तुम्ही कलावंतच." मला कलावंत म्हणणाऱ्या ह्या पहिल्याच. वाजवत होतो तेव्हा लग्नघरात ‘ए बँडवाले’ म्हणायचे आणि शेवटच्या पंगतीला बसवायचे. आता गुडघे गेले, तेव्हा कलावंत झालो.

आरोग्य आमच्याकडं नव्हतं. दुखणी होती. आणि दुखण्यांचे किस्से कणगीच्या तळाला तूस राहतो तसे राहतात. भात संपतो, तूस संपत नाय. किती लग्नं वाजवली, कोणाकोणाची वाजवली, सगळं विसरलो. कोणाचं काय दुखत होतं ते मात्र तोंडपाठ आहे.

आमचा बँड मुरबाडचा. शहापूरपासून टोकावड्यापर्यंत सगळीकडं आमच्या सुपाऱ्या असायच्या. मालक गोविंद मास्तर, मूळचे धसईचे, ते क्लॅरनेट वाजवायचे. ढोल लहूकडं. साईड ड्रम सीतारामकडं. बाकी आठदहा जण येऊन जाऊन. आणि पुढच्या रांगेत ट्रंपेट घेऊन मी.

लोकांना वाटतं ट्रंपेट ओठांनी वाजतो. ओठ नुसते टेकतात. वाजतो तो वरच्या पुढच्या दोन दातांच्या जोरावर. दात गेला की सूर गेला, आणि सूर गेला की मास्तर हातात खुळखुळा देणार. खुळखुळा वाजवायला काय लागत नाय, मनगट असलं की झालं. म्हाताऱ्याला दारात कोंबड्या हाकायला बसवतात, तसलंच ते काम. मला मरेपर्यंत ट्रंपेट वाजवायचा होता. म्हणजे मला दोन दात सांभाळायचे होते. बाकीच्यांचं सांगतो, पण हे ध्यानात ठेवा.

*

आमचा ड्रेस लाल. जाड, लोकरीसारख्या कापडाचा, गळ्यापर्यंत बटणं, खांद्यावर सोनेरी झालर. कोणत्या थंड मुलखाच्या माणसानं तो ठरवला होता, माहीत नाय. आमची लग्नं मे महिन्यात आणि मुहूर्त भर बाराचा.

पंचाण्णवच्या आसपास टोकावड्याला एक लग्न होतं. डांबर चपलेला चिकटत होतं. नागिणीची चाल चालू होती. नवऱ्या मुलाचा मामा रुमाल तोंडात धरून डुलत होता, आणि सीताराम चक्कर येऊन पडला. ड्रमसकट, उताणा, रस्त्याच्या मधोमध.

मामाला वाटलं, हा नवा प्रकार आहे. तो सीतारामच्या समोर आडवा झाला आणि हाताचा फणा काढून त्याला डसायला लागला. ते बघून आणखी चार जण लोळले.

मी मास्तरांना डोळ्यानं खुणावलं, थांबवा. मास्तरांचा नियम होता, माणसं नाचत असली की चाल तोडायची नाय. त्यांनी डोळ्यानंच सांगितलं, पुरी होऊ दे.

चाल पुरी झाल्यावर आमी सीतारामला मांडवात ओढला, कोट काढला, मीठ घातलेलं लिंबू सरबत पाजलं. त्यानं डोळे उघडले. रस्त्यावर अजून माणसं धूळ झटकत होती. विचारलं, "किती जण पडले रे?"

लहू म्हणाला, "तुला धरून सा."

"मग ऊन जास्तच हाय," सीताराम म्हणाला आणि परत झोपला.

पुढच्या महिन्यात शहापूरकडचे एक पाहुणे सुपारी द्यायला आले. बाकी काय घासाघीस केली नाय. एकच अट घातली. टोकावड्याला जो पडला, तो यायला पाहिजे.

*

लहू डोंगराकडच्या पाड्यातला. ढोल गळ्यात अडकवून वीस वर्षं चालला, तोल सांभाळायला मागं रेलून. पुढं ढोल नसला तरी तो तसाच मागं रेललेला चालायचा. अनोळखी माणसाला वाटायचं, काय रुबाब आहे. तो रुबाब नव्हता, मणका होता.

पावसाळ्यात लग्नं बंद, ढोल माळ्यावर. आणि लहूची पाठ नेमकी तेव्हाच दुखायची. मी त्याला मुरबाडच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो.

डॉक्टरनं विचारलं, "वजन उचलता का?"

"उचलतो."

"उचललं की दुखतं?"

"नाय. ठेवलं की दुखतं."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, उद्या ढोल घेऊन या. दुसऱ्या दिवशी लहू ढोल गळ्यात घालून दवाखान्यात शिरला. बसलेले पेशंट उठून उभे राहिले, त्यांना वाटलं कोणाची तरी मिरवणूक आली. डॉक्टरनं पाठ दाबून बघितली. "आता?"

"आता बरं वाटतं."

डॉक्टर हुशार होता. म्हणाला, एकदम सोडू नका. पोटावर वजन बांधा आणि दर आठवड्याला थोडं थोडं कमी करा. शिवाय व्यायाम लिहून दिले. व्यायामाचा कागद लहूनं छपराच्या वाशात खोवला. वजन मात्र बांधलं. घरात दुसरं काय नव्हतं म्हणून तांदळाची पिशवी बांधली. ओटीवर बसला की पिशवी मांडीवर, चालायला लागला की पोटावर.

महिन्याभरानं परत गेलो. वजन निम्म्याच्या खाली आलं होतं आणि पाठ पण बरी होती. डॉक्टर खूश. "छान कमी केलंत. कसं जमवलं?"

लहू म्हणाला, "मी काय केलं नाय साहेब. बायको रोज त्यातूनच भात लावायची."

*

बँडवाला बहिरा होतो. पण सगळा बँड एकाच वेळी, एकाच मापानं बहिरा होत गेला तर कोणाला कळणार? आमाला कळलं नाय.

उलट गोविंद मास्तरांचं म्हणणं असं, की मुलखातल्या माणसांचा आवाज बसत चाललाय. खताचं धान्य खातात, छातीत जोर राहिला नाय. आमाला ते पटलं होतं. पूर्वी टपरीवाला चहा आणून ठेवताना काहीतरी बोलायचा. आता नुसते ओठ हलवायचा.

शहापूरहून एक नवीन क्लॅरनेटवाला आमच्यात आला. पहिल्या दिवशी आमी तालमीनंतर चहा प्यायला बसलो तर तो लांब जाऊन उभा राहिला. मी बोलावलं. म्हणाला, "तुमचं भांडण मिटू द्या, मग येतो." आमी मक्याच्या बियाण्याबद्दल बोलत होतो.

नंतर सीतारामचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्याला बघायला आमी पाच जण गेलो. पाच मिनिटांत नर्सबाई आल्या, काहीतरी बोलल्या. आमी बोलत राहिलो. परत आल्या, परत बोलल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

मास्तरांनी हळहळून आमच्याकडं बघितलं. "बघा," म्हणाले, "हिचा तर आवाज पुराच गेला."

*

आसनगावला एकदा आरोग्य शिबिर होतं. छाती तपासायला एक प्लास्टिकचं यंत्र होतं. तीन नळ्या, तीन गोळ्या, आणि एक लांब नळी तोंडात धरायला. गोळ्या वर गेल्या की छाती चांगली.

मास्तर पुढं झाले. क्लॅरनेटवाला माणूस, त्यांना वाटलं हे आपल्याच खात्यातलं काम. नळी तोंडात धरली आणि अशी फुंकली की टेबलावरचे कागद उडतील. गोळ्या जागच्या हलल्या नायत.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, फुंकायचं नाही. आत ओढायचं."

मास्तर म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं फुंकतोय. ओढायचं आमाला कोणी शिकवलं नाय."

मग मी बसलो. एक गोळी अर्ध्यावर आली आणि डोळ्यापुढं अंधारी. आमच्या बँडमधल्या फुंकणाऱ्या एकालाही दोनच्या वर गोळ्या उचलता आल्या नायत. आमच्या मागं एक बारीकशी बाई उभी होती, कडेवर पोर, पदरात खोकला. तिनं एका ओढीत तिन्ही गोळ्या वर नेल्या आणि तिथंच धरून ठेवल्या.

मास्तर तिच्याकडं वळले. मग विचारलं, "माहेरी कोण वाजवतं का गो तुझ्या?"

*

आता माझं.

दोन हजार सालच्या पुढंमागं माझा वरचा उजवा दात हलायला लागला. गर्दी असली की पाहुणे नाचता नाचता अंगावर येतात, ट्रंपेटला धक्का बसतो, ट्रंपेट दातावर बसतो. तीस वर्षं धक्के खाल्ल्यावर भिंतसुद्धा हलते. मी कोणाला सांगितलं नाय. वरच्या सुराला मान जरा वाकडी धरायची, म्हणजे भार डाव्या दातावर जातो. लोकांना वाटायचं, नाना रंगात आले.

ट्रंपेटला पोचा आला होता म्हणून कल्याणला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या उस्तादकडं गेलो. त्यानं पोचा काढला, मला वाजवायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं. म्हणाला, "हवा गळतेय. पण पितळेतून नाही." आणि माझ्या तोंडात बघितलं.

डॉक्टरकडं गेलो तर तो दात काढून टाकणार, ही मला भीती. उस्ताद तर मोडकं जोडणारा माणूस. मी म्हणालो, तुमीच काय ते करा. त्यानं विचार केला. "पितळेचं सगळं केलंय. दात पहिलाच." मग बारीक तार घेऊन त्यानं हलता दात शेजारच्या दाताला आठचा आकडा घालून बांधला. चिमट्यानं पीळ दिला. दात घट्ट. मी त्याच्या पाया पडलो.

दोन लग्नं बरी गेली. तिसऱ्या लग्नात कळलं, वरचा सूर लावला की तार पण वाजते. झूंऽऽ असा बारीक आवाज. एका वरबापानं मास्तरांना विचारलं, ते सनईसारखं नवीन वाद्य कुठं लपवलंय? मास्तरांनी सगळ्यांच्या पिशव्या बघितल्या.

तेवढंही मी सहन केलं असतं. पण आमची मंडळी एक दिवस चहा देताना म्हणाली, "अवो, दिवसा वाजवता ते वाजवा. निजल्यावर तरी बंद करा."

तार मी पक्कडीनं काढून टाकली. दात परत हलायला लागला. आता तर जास्तच.

*

आमच्या बँडमध्ये एक रीत होती, ती दुसऱ्या कोणत्या बँडात मी बघितली नाय. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो. त्या लग्नात वृंदावनाजवळ ऊस उभा करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर तोच ऊस तोडायचे. आमी सगळे ड्रेस घालून त्यांच्या अंगणात रांगेत उभे. ढोलवाल्याचे खांदे दाबून बघायचे, सगळ्यांचे पाय बघायचे, आणि फुंकणाऱ्याच्या हातात उसाचं एक एक कांडं द्यायचे. दातानं सोलायचं. सोलला, तर सीझन तुझा. नाय सोलला, तर खुळखुळा. म्हसा गावच्या जत्रेत बैल घेताना दात बघतात, तसंच. मास्तर कोणाशी वाईट बोलायचे नायत. नुसता खुळखुळा पुढं करायचे. माझ्यादेखत तिघांना दिला. त्यातला एक दुसऱ्या दिवसापासून आलाच नाय.

मास्तर स्वतः रांगेच्या बाहेर. मालकाला कोण ऊस देणार?

त्या वर्षी आदल्या संध्याकाळी मी एक कांडं घरी आणलं आणि बायकोला म्हणालो, हे शिजव.

ती म्हणाली, "ऊस कोण शिजवतं? शेजारीण आली तर काय सांगू?"

"सांग, आमच्यात असाच खातात."

तिनं पातेल्यात पाणी घालून दोन तास उकळला. मऊ झाला, शेवग्याच्या शेंगेसारखा. सकाळी तो मी लाल कोटाच्या आतल्या खिशात घातला.

रांगेत उभा राहिलो. मास्तरांनी मला ऊस दिला आणि पुढं गेले. मी त्यांचा खिशात टाकला, माझा बाहेर काढला. दात लावला आणि ओढला. सरसर साल निघाली. एकदा, दोनदा, तीनदा. मास्तर वळले. सगळी रांग माझ्याकडं बघत होती.

"बघा रे," मास्तर म्हणाले, "ह्या वयात. नायतर तुमी."

इथं मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी थांबलो पण होतो. मास्तरच थांबले नायत. त्यांनी स्वतःच्या हातातलं उरलेलं कांडं माझ्यापुढं धरलं. "एवढा छान सोलतोस तर माझा पण दे सोलून."

तो कच्चा होता. सगळे बघत होते. मी दात लावला, मान वाकडी केली, ओढला. साल निघाली. पण माझ्या तोंडात वारा शिरला. दात उसातच रुतून बसला होता. तो मी काढणार एवढ्यात मास्तरांनी ऊस माझ्या हातातून घेतला आणि कचकन चावला.

बोलायला तोंड उघडलं असतं तर खिंडार दिसलं असतं. मी ओठ मिटून उभा राहिलो.

मास्तर चावायचे थांबले. वळून तळहातावर थुंकले. हातावर दोन दात. त्यांनी तोंडात जीभ फिरवली. पुढं एकच जागा रिकामी लागली असणार, कारण त्यांनी परत हाताकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं.

सीतारामला काय ऐकू येत नव्हतं, म्हणून तो सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडला, "काय झालं?"

लहू म्हणाला, "काय नाय. ऊस गोड निघाला."

मास्तरांनी मूठ मिटली. म्हणाले, झालं, घरी जा सगळे. आणि मला म्हणाले, "तू थांब."

तासाभरात आमी दोघं कल्याणच्या एसटीत. एका सीटवर. मास्तरांच्या खिशात कागदाची पुडी, पुडीत दोघांचे दात. मी खिडकीतून बघत होतो आणि मनगट हलवून बघत होतो, खुळखुळा जमेल का.

दाताचा डॉक्टर तरुण होता. दोघांचे जबडे बघितले. म्हणाला, "दोघांनाही पक्का दात बसवून देतो. वाजवता येईल. रंग मूळ दातासारखाच करतो, म्हणजे कोणाच्या लक्षात येणार नाही." मग पुडी उघडून टेबलावर ठेवली. "ह्यातला कोणता कोणाचा?"

एक दात पांढरा होता. एक तपकिरी. मास्तर मिसरूड फुटल्यापासून तंबाखू खायचे, त्यांचे सगळे दात चुलीमागच्या भिंतीच्या रंगाचे. मी ओठांना चालत नाय म्हणून तंबाखूला कधी शिवलो नाय. आंधळ्यानं चाचपून सांगितलं असतं.

मास्तरांनी पांढऱ्या दातावर बोट ठेवलं. "हा माझा."

मग तपकिरी दात बोटानं माझ्याकडं सरकवला. "तो ह्याचा. हा माझा ट्रंपेटवाला. पुढच्या आठवड्यात धसईला लग्न आहे, ह्याला पुढं उभं राहून वाजवायचंय. ह्याचा आधी करा."

डॉक्टरनं मास्तरांच्या तोंडात बघितलं. माझ्या तोंडात बघितलं. टेबलावर बघितलं. मला विचारलं, "बरोबर आहे?"

मी म्हणालो, "बरोबर."

त्यानं लिहून घेतलं.

धसईचं लग्न मी वाजवलं. त्याच्यापुढची सात वर्षं वाजवली. वरचा सूर एकदाही गळला नाय. दात आजही पक्का आहे, सगळ्या पांढऱ्यांच्या मधोमध तपकिरी. मास्तरांचा पण पक्का आहे, त्या सगळ्या भिंतीत एक पांढरा. सूनबाई लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिनं माझ्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, बाबा तंबाखू खायचे का वो?

नाय. आयुष्यात चिमूट घेतली नाय. ह्या दाताबद्दल माफी मागायची राहिलीय ती एकाच माणसानं, आणि तो अजून आहे, धसईला बाजाराच्या दिवशी पारावर बसलेला असतो, हसत. गोविंद मास्तर.